टायर रांगडं पाह्यजे, डिझेल नाई लागलं पाह्यजे

टायरच्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग साचत राहतो. एक म्हणजे वापरून वापरून घासलेली टायरं, आणि दुसरी म्हणजे अजिबात न वापरलेली अक्कल! टायरं न्यायला भंगारवाला तरी येतो. अकलेला मात्र गिऱ्हाईक नाही. मग ती आमच्याकडेच पडून राहते आणि आम्ही ती चहाबरोबर चघळतो.

आमचं दुकान मलकापूरला, हायवेला लागून. मी आणि रशीदभाई, दोघं भागीदार. मी टायर विकतो. रशीदभाई अलाइनमेंट करतो आणि गिऱ्हाइकाचा अपमान करतो. दोन्ही कामं मन लावून करतो. दुकानासमोर एक बाकडं आहे. अलीकडे आमच्या भागात जीपगाड्यांचं पीक आलंय, आणि त्यांच्या मालकांना बसायला हेच बाकडं सापडलंय.

प्रत्येकाची मागणी एकच. "भाऊ, टायर असं द्या का दिसाले रांगडं पाह्यजे, चिखलात फसलं नाई पाह्यजे, आन् ॲव्हरेज पडलं नाई पाह्यजे!"

मी समजावून सांगतो. डांबरी रस्त्याचं टायर हलकं असतं, सुळसुळीत पळतं, डिझेल वाचवतं. मड टायरला हे मोठाले ठोकळे असतात. ते चिखल धरतात, पण डांबरावर तेच ठोकळे गाडीला मागं ओढतात आणि डिझेल पितात. मधलंही एक मिळतं, दोन्हीकडं थोडं थोडं चालणारं. तर रोज जिथं जाता, तिथलं टायर घ्या. पाचवीतल्या पोराला कळेल इतकं सोपं आहे. पण पाचवीतलं पोर जीप घेत नाही ना!

एकदा एक जण अर्धा तास ऐकून पुन्हा तेच म्हणाला, की मले तिन्ही पाह्यजे. रशीदभाईनं पाना खाली ठेवला.

"है ना! रांगडा दिसते, चिखलात चालते, आन् डिझेलचा थेंब पेत नाई."

"कोन्तं मॉडेल, भाई?"

"बैल!"

*

आता गजूभाऊ. धामणगाव बढेचा माणूस, कपाशीचा व्यापार, आवाज मोठा. बाकड्यावर बसला की दुसऱ्याला जागा उरत नाही.

त्यांनी जीप घेतली ती मंदावहिनींसाठी. म्हणजे असं ते सगळ्या गावाला सांगत होते. वहिनी राजूर घाटाच्या वर एका गावात शाळेत शिकवतात. धामणगावहून मोताळा, तिथून घाटावरची बस, मग फाट्यावर उतरून उन्हातान्हात शाळेपर्यंत पायपीट. पोचायला जरा उशीर झाला की हेडमास्तर घड्याळाकडं बघतात. गजूभाऊ म्हणाले, "मंदासाठी घेऊन राह्यलो गाडी. रोज शायेच्या दारात उतरवीन!"

वहिनी बिचाऱ्या इतक्या खूश, की त्यांनी मलकापूरला येऊन गाडी शिकून घेतली, लायसन्स काढलं. लायसन्स पर्समध्ये राहिलं आणि चावी गजूभाऊंच्या खिशात. "एवढी मोठी गाडी, बाईमान्साचं काम नाई ते," असं त्यांचं म्हणणं.

आणि नवी गाडी घेऊन हा माणूस थेट आमच्याकडं आला. मड टायर टाका म्हणे! कंपनीच्या टायरांवर नव्या रबराचे केससुद्धा अजून तसेच होते.

मी म्हटलं, "गजूभाऊ, तुमच्या घरापासून वैनीच्या शायेपर्यंत पूरा डांबरी रस्ता हाये. चिखल कुठं लागते तुमाले?"

"लागत नाई. पन लागला तं?"

"पाऊस आला तं, म्हनून घरात छत्री उघडून बसता का?" रशीदभाई म्हणाला.

"तुमाले नाई समजत, भाई. टायर बाहीर निघालं पाह्यजे. गाडीची छाती दिसली पाह्यजे!"

टाकली. धंदा आहे आमचा, गिऱ्हाइकाला अक्कल टाकून द्यायचं मशीन आमच्याकडं नाही. निघालेली टायरं गजूभाऊ म्हणाले विकून टाका. एरवी रशीदभाई असा माल संध्याकाळपर्यंत ठेवत नाही. ही चारही टायरं मात्र त्यानं मागच्या खोलीत नेली आणि वर पोतं टाकून ठेवली. मला नवल वाटलं, पण गिऱ्हाईक होतं, विचारायचं राहून गेलं.

*

मड टायर डांबरावर घुमतं. वेग वाढला की घूंऽऽ असा आवाज लागतो आणि तो गाडीच्या आधी गावात पोचतो.

त्या दिवशी धामणगावात सकाळपासून लाइट नव्हती. दुपारी गजूभाऊ वाढीव छाती घेऊन गावात शिरले. घूंऽऽ! त्यांच्या गल्लीतल्या शेवंताकाकू लगबगीनं दळणाचा डबा डोक्यावर घेऊन निघाल्या. मागून आणखी दोघी निघाल्या.

गजूभाऊंना वाटलं, गाडी बघायला आल्या. त्यांनी काच खाली केली. "काय काकू, कशी वाटली?"

काकूंनी गाडीकडं बघितलं, चक्कीच्या बंद दाराकडं बघितलं, आणि डबा खाली उतरवला.

"मेल्या, मले वाटलं लाइट आली!"

*

महिनाभरात डिझेलचा काटा गजूभाऊंना झोपू देईना. पण बाकड्यावर कबूल करतील तर ते गजूभाऊ कसले! इथं म्हणायचे, "काईच फरक नाई पडला, भाऊ." घरी म्हणायचे, "परवडत नाई, मंदा."

घरच्या हिशेबानं त्यांनी उपाय काढला. टायर बदलायचं नाही, गाडीतलं वजन कमी करायचं! आधी मागचं सीट काढलं. मग स्टेपनी काढून घरी ठेवली, कारण टायर नवं आहे, पंक्चर कशाला होतंय. तरी काटा ऐकेना. मग राहिलं कोण? मंदावहिनी!

"तू आपली बसनं जात जा. वजन कमी, तं ॲव्हरेज जास्त."

वहिनींसाठी घेतलेली गाडी वहिनींना न घेता फिरायला लागली. ज्या बाईचं नाव सांगून गाडी दारात आणली, तीच बाई पुन्हा फाट्यावरून पायी, आणि हेडमास्तर पुन्हा घड्याळाकडं! मला खरंच संताप आला होता. रशीदभाईला तर इतका, की त्यानं त्या दिवशी गजूभाऊंचा अपमानसुद्धा केला नाही.

एका सकाळी मोताळ्याच्या अलीकडं गजूभाऊंच्या टायरात खिळा गेला. स्टेपनी घरी पलंगाखाली. भर रस्त्यात छातीवाली जीप एका अंगावर बसली आणि गजूभाऊ शेजारी उभे राहिले. तेवढ्यात धामणगावची बस आली. गजूभाऊंनी हात केला. बस भरलेली होती, थांबली नाही. फक्त एका खिडकीतून एक हात बाहेर आला आणि सावकाश हलला.

हातात बांगड्या होत्या आणि डब्याची पिशवी. गजूभाऊंनी पिशवी ओळखली.

*

बाकड्यावरचे विद्वान म्हणजे कोलते सर. ज्युनियर कॉलेजात कॉमर्स शिकवतात आणि मोबाइलवर बघून इंजिनियर झालेत. टायरात हवा जास्त असली की टायर हलकं पळतं आणि डिझेल वाचतं, एवढं त्यांनी कुठंतरी ऐकलं. अर्धी गोष्ट खरी होती. सरांनी उरलेली अर्धी ऐकायची तसदी घेतली नाही.

"भर अजून," म्हणायचे. टायर दगडासारखं टणक होईपर्यंत भरून घ्यायचे. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की सरांचा चष्मा नाकावरून उडायचा. रस्ता धरायला टायरचा मधला पट्टा तेवढा उरला, आणि तोच भराभर झिजला.

त्यात दिवाळीला पुण्याहून त्यांचा भाचा आला. त्यानं वेगळा व्हिडिओ पाहिला होता! कच्च्या रस्त्यावर टायरातली हवा कमी करावी, म्हणजे पकड मिळते. हीसुद्धा अर्धी गोष्ट खरी. पण डांबरावर परत आलं की हवा परत भरायची असते, हे त्या व्हिडिओत पुढं होतं आणि भाचा तिथवर पोचला नव्हता.

आणि गाडी दोघांत एकच! सकाळी सर यायचे, हवा भरून जायचे. दुपारी भाचा कुठल्या तरी कच्च्या पांदीत जायचा आणि फुस्स करून सोडायचा. संध्याकाळी सर म्हणायचे, गाडी जड झाली, ॲव्हरेज पडलं, तुमच्या मशीनचा काटा खोटा आहे. सुट्टीभर हेच चाललं. आम्हाला दोघांचंही माहीत होतं, आणि आम्ही दोघांनाही सांगितलं नाही. एवढी करमणूक कोण बंद करील?

शेवटी सरांनी रशीदभाईला विचारलं, "नेमकं झालं काय गाडीला?"

"दमा!" रशीदभाई म्हणाला. "सकायी फुगते, संध्याकायी बसते."

*

त्याच भाच्याचं आणखी एक. त्याच्या मते आमच्याकडचे रस्ते म्हणजे सगळेच ऑफ-रोड. बोलणंही त्याला गमतीचं वाटायचं. रशीदभाई 'मले' म्हणाला की हा हसायचा.

दिवाळीत अवकाळी पाऊस येऊन गेला. हा गाडी घेऊन धामणगावकडं एका वावरात उतरला, फोटो काढायला. सरांच्या गाडीला मधली टायरं होती, दोन्हीकडं थोडं थोडं चालणारी. आमची काळी माती पाणी प्याली की तिला कुठलं टायर कळत नाही. ती ठोकळ्यांमध्ये जाऊन बसते आणि टायर गुळगुळीत वरवंटा होऊन जागच्या जागी फिरतं. बोटभर पाण्यात गाडी बसली आणि भाचा रेस देत राहिला.

ज्यांचं वावर होतं ते सलीमचाचा कोथिंबिरीच्या वाफ्यापाशी उभे राहून बघत होते. भाच्यानं सांगितलं, "काका, काळजी करू नका. ऑल टेरेन टायर आहेत."

"म्हंजी?"

"म्हणजे सगळ्या प्रकारच्या जमिनीवर चालतात."

चाचांनी खाली वाकून टायर बघितलं. मग पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि गाडी ढकलायला माणसं बोलवायला निघाले.

"सगळ्या जमिनीवर चालत असतीन बापा," ते जाता जाता म्हणाले. "आमची सोडून!"

*

आता परत गजूभाऊ. त्यांच्या दोन जिभा एक दिवस एकमेकींना भेटल्याच.

रविवार होता. वहिनी मलकापूरच्या बाजाराला आल्या होत्या आणि गजूभाऊ बाकड्यावर बसून सांगत होते, की मड टायर टाकून ॲव्हरेज पडतं हा टायरवाल्यांचा खोटा प्रचार आहे. वहिनी पिशवी घेऊन मागं उभ्या होत्या. आम्हाला दिसत होत्या, गजूभाऊंना नाही. आम्ही काय सांगतो!

"घरी म्हनता परवडत नाई, इथं म्हनता फरक नाई," वहिनी म्हणाल्या. "यातलं खरं कोन्तं, ते एकदा चार मानसाइत सांगून टाका."

गजूभाऊ उठून उभे राहिले. बायकोपुढं एक वेळ पडतं घेतलं असतं, पण बाकड्यापुढं कसं घेणार? "सांगतो कशाले, दाखोतो!"

ठरलं. निघताना आणि पोचल्यावर पंपावर टाकी फुल करायची आणि मधल्या अंतराचं ॲव्हरेज काढायचं. कोलते सर पंच. कुठून कुठं? गजूभाऊ म्हणाले, बुलडाण्याहून मलकापूर. म्हणजे घाटाच्या वरून घाटाच्या खाली! आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल, की सायकलचं पायडल न मारता तिकडून इकडं अर्धं अंतर येता येतं. पण सर म्हणाले, "अंतर तेच, रस्ता तोच. वरून काय, खालून काय." कॉमर्सचे सर आहेत, मी तुम्हाला आधीच सांगितलं.

बुलडाण्याच्या पंपावर गजूभाऊंनी गाडी धरून हलवून हलवून टाकी गळ्यापर्यंत भरली. काचा बंद, एसी बंद. राजूर घाट लागल्याबरोबर गाडी न्यूट्रल! सर आत घामानं निथळत देवाचं नाव घेत होते. मलकापूरच्या पंपावर मात्र पाइपची पहिली टिक झाली की "बस, फुल झाली!"

ॲव्हरेज निघालं बावीस. कंपनीनं स्वतः एवढं कधी कबूल केलं नव्हतं.

"घाटात न्यूट्रल?" रशीदभाई ओरडला. "ब्रेक गेला असता तं ॲव्हरेज डायरेक वर लागलं असतं!"

पण ऐकतो कोण? गजूभाऊंनी पेढे मागवले. सगळ्या बाकड्याला वाटले, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटले, पंपावरच्या माणसाला नेऊन दिले. बावीस, बावीस! वहिनींनाही एक दिला. वहिनींनी तो शांतपणे खाल्ला, पदराला बोटं पुसली.

"लय चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "मंग उद्यापासून मले शायेच्या दारात सोडाले काई अडचन नाई."

गजूभाऊंच्या तोंडात पेढा होता. तो तिथंच राहिला.

*

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी जीप घाट चढायला लागली. उतरणीला जे न्यूट्रलमध्ये वाचलं होतं, ते चढणीला टायरांनी व्याजासकट वसूल केलं. आणि तक्रार करायची सोय नाही! गजूभाऊंनी तोंड उघडलं की कोणी ना कोणी म्हणायचं, "पेढे खाल्ले ना भाऊ तुमचे!" घरी म्हणाले परवडत नाही, तर वहिनी म्हणायच्या, बावीस!

वहिनी वेळेवर पोचत होत्या. हेडमास्तरांचं घड्याळ भिंतीवर नुसतंच टिकटिकत होतं. गजूभाऊंचं मात्र डोकं टायरांच्या आवाजानं भणभणायचं, आणि सकाळचा कपाशीचा बाजार हातचा जायचा तो वेगळाच.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर दोघं तसेच खाली दुकानात आले. वहिनी गाडीतच बसून होत्या. गजूभाऊ उतरले, इकडं तिकडं बघितलं. बाकड्यावर नेमके कोलते सर होते. गजूभाऊंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"भाऊ, ते जुने टायर... तसे कुठं भेटतीन का? आवाज लय होते म्हनून. ॲव्हरेजचं काई नाई."

मी काही बोलायच्या आत रशीदभाई मागच्या खोलीत गेला. पोतं ओढल्याचा आवाज आला. एकेक करून चारही टायरं लोळवत बाहेर आणली. रबराचे केससुद्धा तसेच.

गजूभाऊ बघतच राहिले. "हे इकले नाई काऊन?"

"तुमी त्या दिवशी गाडी घेऊन गेले ना, तं लगेच वैनीचा फोन आल्ता," रशीदभाई म्हणाला. "म्हने, 'भाई, टायर इकू नका. आमचं मानूस परत येते.'"

कोलते सर एकदम हसले आणि मग गजूभाऊंकडं बघून खोकले. गजूभाऊ चहाच्या टपरीकडं वळले.

टायरं बसली. अलाइनमेंट झाली. रशीदभाईनं पलंगाखालची स्टेपनी उद्या आणून लावा म्हणून वहिनींना बजावलं आणि चावी त्यांच्याच हातात दिली. वहिनींनी पर्स उघडली, लायसन्स आहे ना बघितलं, आणि पलीकडच्या सीटवर सरकल्या. स्टिअरिंगच्या मागं.

गजूभाऊ टपरीवरून धावत आले. दाराला हात घातला. दार आतून बंद होतं. वहिनींनी काच थोडी खाली केली.

"तुमी बसनं या."

"काऊन?"

"वजन कमी, तं ॲव्हरेज जास्त!"